आर्किटेक्टचे नाव नोंदवहीत आहे ना?

बदलीच्या निमित्ताने बंगळुरूला आलेले मराठी कुटुंब तिथेच रमते, तीस बाय चाळीसचा प्लॉट घेते आणि मग चौकशी सुरू होते, चांगला आर्किटेक्ट कोण? या शहरात कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापणाऱ्यांना तोटा नाही. पण त्यातले पुष्कळजण सॉफ्टवेअरचे! १९७२ मध्ये कायदा करताना ‘लँडस्केप’ आणि ‘नेव्हल’ आर्किटेक्टना या बिरुदाची मोकळीक दिली गेली; संगणक तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसावा.

घर बांधणाऱ्याला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचे, तर दिल्लीच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत त्याचे नाव हवे. ही नोंदणी साऱ्या देशाला चालते. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून, नोंदणी करून लग्नानंतर बंगळुरूला आलेल्या मुलीला तिथे नवी नोंदणी करावी लागत नाही. बदललेला पत्ता तेवढा कौन्सिलला कळवायचा.

खरी मेख आहे नूतनीकरणात. कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे नाव टिकवण्याची फी त्या त्या वर्षी १ एप्रिलच्या आत भरायची असते. राहून गेली, तर रजिस्ट्रारने नाव नोंदवहीतून काढायचे, असे कायदाच सांगतो. बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण यांत चार वर्षे कशी सरली ते कळत नाही. आणि पुन्हा काम हाती घ्यावे म्हटले, तर आपले नावच नाही! पदवी कुठे जात नाही, पण कार्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहिण्याचा हक्क जातो. सुदैवाने वाट बंद होत नाही. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की नाव परत लागू शकते. तरीही काम थांबवले असेल त्या काळातही फी भरत राहावे, हे बरे.

यात घरमालकाचे काय अडते? १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॉएडाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याला घराचा आराखडा आखण्याची मनाई त्यात नाही. म्हणजे नकाशा कुणीही काढून देईल. समोरचा माणूस शिकलेला आणि कौन्सिलला बांधील आहे की नाही, हे सांगणारी खूण म्हणजे ही नोंदवही.

तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो ‘सीए’ने सुरू होतो, पुढे नोंदणीचे वर्ष असते. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. विचारायला संकोच नको. सोनाराकडे आपण हॉलमार्क बघतोच की! आणि नुसता क्रमांक बघून थांबू नका, प्रमाणपत्राचे नूतनीकरण कुठल्या वर्षापर्यंत झाले आहे, तेही वाचा.