द्वारपाळ ऑन ड्युटी!

नाइट शिफ्टला डुलकी लागली, तर काय होतं? फार तर मेमो मिळतो, एका दिवसाचा पगार कापला जातो. यरुशलेमच्या मंदिरात मात्र डुलकी काढणाऱ्याचे कपडेच पेटायचे!

हो, अगदी खरं. ‘मिश्ना’ हा ज्यू परंपरेचा ग्रंथ इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यातलं रात्रपाळीचं वर्णन एखाद्या थ्रिलरसारखं आहे. मिट्ट काळोख. मंदिराच्या टेकडीचा मुख्य अधिकारी राउंडला निघालाय, पुढे मशाली. प्रत्येक चौकीवरच्या पहारेकऱ्यानं उठून उभं राहायचं आणि त्याला ‘शालोम’ करायचा. शालोम आला नाही, की समजायचं, गडी घोरतोय. मग काठीचा फटका! वर त्याचे कपडे जाळायचीही अधिकाऱ्याला मुभा. अंगणात आरडाओरडा झाला, की लोक ओळखायचे : आज पुन्हा कुणीतरी झोपलेला सापडला.

आणि माहीत आहे का, या शिक्षेचा एक घरचा साक्षीदारसुद्धा आहे? रब्बी एलिएझर बेन याकोब यांनी सांगून ठेवलंय, की एकदा त्यांच्या आईचा भाऊच असा सापडला आणि त्याचे कपडे जाळले गेले. आपण पोलिसाला मामा म्हणतो. इथे तर पहाऱ्यावर झोपलेला खराखुरा मामाच निघाला! दोन हजार वर्षांपूर्वीची ही घरगुती फजिती अजून टिकून आहे, याचा मला भारी आनंद वाटतो.

तर हे होते मंदिराचे द्वारपाळ. हिब्रूत दरवाजाला म्हणतात ‘शाआर’ आणि दरवाजा सांभाळणाऱ्याला ‘शोअर’. हा ‘शाआर’ लक्षात ठेवा हं, शेवटी तो आपल्याला मुंबईत भेटणार आहे!

द्वारपाळ व्हायला फॉर्म भरायचा नसे. लेवी वंशात जन्म हीच एंट्री. लेवी म्हणजे मंदिराची सेवा ज्यांच्याकडे होती तो वंश. बायबलमधलं ‘इतिहास’ हे पुस्तक सांगतं, की दावीद राजाच्या काळात तीस वर्षांवरच्या लेव्यांची मोजणी झाली, ती ३८,००० भरली. त्यातले ४,००० द्वारपाळ आणि ४,०००च वादक. म्हणजे बँडला जितकी माणसं, तितकीच बंदोबस्ताला!

कोणता दरवाजा कुणाला? नो वशिला! चिठ्ठ्या टाकायच्या, आणि त्यात लहान घराणं, मोठं घराणं सगळं सारखं. पूर्वेचा दरवाजा शलेम्याला निघाला, उत्तरेचा त्याचा मुलगा जखऱ्या याला. पूर्वेला रोज सहा जण, बाकीच्या ठिकाणी दोन-दोन, चार-चार. बेरीज करून बघा : २४. आता गंमत बघा. कित्येक शतकांनंतरच्या मंदिराचा हिशेब सांगताना मिश्ना काय म्हणते? याजकांच्या, म्हणजे पूजाविधी करणाऱ्यांच्या, ३ चौक्या, लेव्यांच्या २१. पुन्हा २४! आकडा कसा फिट्ट बसला.

काहींची ड्युटी आठवड्याची असे. खेड्यात राहणारे भाऊबंद पाळीपाळीनं सात-सात दिवसांसाठी यायचे. मुख्य चार द्वारपाळ मात्र कायमचे. त्यांचा मुक्काम मंदिराभोवतीच, कारण रोज सकाळी दार उघडायचं त्यांना.

द्वारपाळ म्हणजे नुसता दारात उभा राहणारा, असं वाटतंय? छे! खोल्या आणि भांडारं त्यांच्या ताब्यात. पूजेची भांडी बाहेर काढताना मोजायची, आत ठेवताना पुन्हा मोजायची. आपल्या लग्नघरात एक खमकी मावशी असते ना, पातेली मोजून देणारी आणि मोजूनच परत घेणारी? तेच काम, फक्त देवाच्या घरी. पीठ, द्राक्षारस, तेल, धूप, सुगंधी मसाले, सगळ्यावर लेव्यांची नजर. शल्लूम या द्वारपाळाचा थोरला मुलगा मत्तिथ्या तर तव्यावरच्या भाकरींचा इन्चार्ज! हिज्कीया राजाच्या काळात पूर्व दरवाजाच्या कोरे नावाच्या द्वारपाळाकडे लोकांनी आपखुशीनं दिलेल्या अर्पणांचा कारभार होता. दान घ्यायचं, वाटायचं, हिशेब राखायचा. खऱ्या अर्थानं ‘की’ पोस्ट!

आणि ‘की’वरून आठवलं, किल्ल्या कुठे ठेवायचे, माहीत आहे का? चक्क जमिनीत! पहाऱ्याच्या दालनात एक हात लांब, एक हात रुंद संगमरवरी फरशी होती, तिला कडी. रात्री दारं लावायची वेळ झाली, की कडी धरून फरशी उचलायची, खाली साखळीला लटकणाऱ्या किल्ल्या काढायच्या. याजक आतून कुलूप घालायचा, लेवी बाहेर झोपायचा. काम झालं, की किल्ल्या पुन्हा साखळीला, फरशी जागेवर, आणि तिच्यावर आपलं वस्त्र पसरून याजकबुवा तिथेच आडवे. किल्लीवर झोपलेला माणूस! याहून सेफ लॉकर कोणतं?

बरं, ही दारं म्हणजे आपल्या फ्लॅटची नव्हेत. इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकातला. तो लिहितो, की आतल्या अंगणाचं पूर्वेचं पितळी दार संध्याकाळी लावायला २० माणसं लागायची. सगळी दारं मिळून रोज २०० माणसांचा जोर! मिश्ना तर म्हणते, मोठं दार उघडल्याचा आवाज यरीहोपर्यंत जायचा. यरीहो सुमारे २५ किलोमीटर दूर, तेही खाली खोल दरीत. खरंखोटं कानांना ठाऊक, पण दार उघडण्याचा लोकांना किती अभिमान होता, ते त्या आवाजातून आजही ऐकू येतं.

एका दाराची तर स्वतःची समुद्रसफर आहे. अलेक्झांड्रियाच्या निकानोरनं मंदिरासाठी दोन दारं आणली. वाटेत वादळ उठलं, भार हलका करायला एक दार समुद्रात फेकलं. दुसरं फेकायला निघाले, तर निकानोरनं त्याला मिठी मारली : टाकायचं तर मलाही टाका! वादळ शमलं आणि बुडालेलं दार बंदरावर वर आलं, असं तल्मूद हा ज्यूंचा दुसरा ग्रंथ सांगतो. निव्वळ कथा? थांबा. १९०२ मध्ये यरुशलेमच्या माउंट स्कोपसवर एक दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर कोरलंय, की या अस्थी दारं करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या निकानोरच्या घराण्याच्या. ती पेटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. कोरह हे नाव ऐकलंय? इस्राएल लोकांचा नेता मोशे याच्याविरुद्ध बंड करणारा तोच. धरणी दुभंगली आणि त्याला गिळून गेली, अशी कथा. पण ‘गणना’ या पुस्तकात एक छोटंसं वाक्य येतं : कोरहाचे मुलगे मेले नाहीत. मग त्यांच्या वंशजांचं काय झालं? ते झाले मंदिराचे द्वारपाळ! ज्याच्या पूर्वजानं देवाचा कोप ओढवून घेतला, त्याच्याच घराण्याच्या हाती देवाचं दार. शिवाय ११ स्तोत्रांच्या मथळ्यावर त्यांचं नाव आहे, आणि त्यातल्याच ८४व्या स्तोत्राला देवाच्या घरचा उंबरठा राखणं हेच भाग्य वाटतं. नेगेव वाळवंटातल्या अराद किल्ल्यात एक खापर सापडलं, त्यावरही शाईनं ‘कोरहाचे मुलगे’ लिहिलेलं आहे. एवढं मोठं कमबॅक मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

गायकांनी मात्र दाराला हात लावायचा नाही हं! रब्बी यहोशुआ बेन हनन्या एकदा दार लावायला मदत करायला गेले, तर लगेच परत पाठवलं : तुम्ही गायकांतले, द्वारपाळांतले नव्हे. डिपार्टमेंट म्हणजे डिपार्टमेंट.

आणि सणाच्या दिवशी? योशीया राजाच्या वल्हांडण सणाला द्वारपाळ जागचे हलले नाहीत. भाऊबंदांनी त्यांचं जेवण तयार करून ठेवलं. इ. स. पूर्व सातव्या शतकातलं ऑन-ड्युटी पार्सल!

करमाफीही होती बरं का. इराणच्या अर्तहशश्त राजानं एज्रा या ज्यू याजकाला दिलेल्या पत्रात याजक, लेवी, गायक यांच्याबरोबर द्वारपाळांचंही नाव आहे : यांच्याकडून कर, जकात काही घेऊ नये.

बाबेलच्या राजानं ज्यूंना पकडून नेलं होतं. त्या बंदिवासातून किती द्वारपाळ परतले? बायबलमधलं ‘एज्रा’ हे पुस्तक म्हणतं १३९. ‘नहेम्या’ हे पुस्तक म्हणतं १३८. तो एक जण कुठे राहिला, यावर डोकं खाजवायला तुम्ही मोकळे.

पण सगळं हसण्यासारखं नाही. इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं मंदिर जाळलं, तेव्हा पकडून नेलेल्यांत मुख्य याजकाबरोबर उंबरठ्याचे तीन रक्षकही होते. रिब्ला इथे त्यांना ठार मारलं. मंदिरातल्या बड्यांची यादी करताना शत्रूलाही ते तिघे वगळता आले नाहीत.

आता शेवटची चावी फिरवू या. द्वारपाळांची नेमणूक कुणी केली? ‘इतिहास’ म्हणतो, दावीदनं आणि शमुवेल द्रष्ट्यानं. हा शमुवेल लहानपणी शिलोच्या मंदिरात झोपायचा आणि सकाळी उठून परमेश्वराच्या घराची दारं उघडायचा!

माहीत आहे का, हेच नाव मुंबईतही एका दाराशी जोडलेलं आहे? कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात शहरातलं पहिलं सिनेगॉग उभारलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. सिनेगॉगचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. आणि सिनेगॉगचं नाव? ‘शाआर हारहमीम’. दयेचं द्वार!