एमजीबीचं पुढचं अंग

जुन्या एमजीबीचं स्टिअरिंग उभ्या गाडीत जड लागतं आणि सरळ रस्त्यावर भरकटतं. मालक ही तक्रार घेऊन आला की गॅरेजवाला त्याच्यापुढे कॅटलॉग उघडतो, आणि तिथेच बरेचसे पैसे भलत्या ठिकाणी जातात. ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि १९८० साली तो कारखाना बंद झाला तेव्हाच संपली. तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. म्हणून आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो, आणि प्रत्येक भागाची ‘सुधारित’ आवृत्तीही मिळते. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि हिचं १७९८ सीसी इंजिन एकाच बी-सीरीज घराण्यातलं, हा नात्याचा धागा जाता जाता सांगून ठेवतो.

पुढचं सस्पेन्शन मात्र या गाडीपेक्षाही जुनं आहे. मिनीचा जनक म्हणून ओळखला जाणारा ॲलेक इसिगोनिस आणि त्याचा सहकारी जॅक डॅनियल्स यांनी त्याचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाआधीच कागदावर आणला होता. १९४७ साली एमजीच्या वाय सलूनमध्ये ते पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती आलं. पुढे टीडी, टीएफ, एमजीए असं करत एमजीबीपर्यंत पोचलं. दोन्ही बाजूंना कॉइल स्प्रिंग, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि हे सगळं वाहून नेणारा एक क्रॉसमेंबर. चार बोल्ट सोडले, ब्रेकचे पाइप आणि स्टिअरिंगचा जोड सुटा केला, की सगळं पुढचं अंग एका तुकड्यात गाडीखालून बाहेर येतं.

त्यातली खरी चलाखी आहे शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. आपल्या ओळखीचा नळीसारखा शॉक इथे नाहीच. क्रॉसमेंबरच्या डोक्यावर तेलाने भरलेली एक ओतीव डबी बसवलेली असते, आणि त्या डबीतून निघालेले दोन दांडे हेच सस्पेन्शनचे वरचे आर्म. हाच लिव्हर शॉक. एका भागात दोन कामं उरकली, पैसेही वाचले. पण याची दुसरी बाजूही आहे. डबीतला शाफ्ट झिजला की तेल गळतं, गाडी हेलकावे खाते, एवढ्यावर भागत नाही. चाकाचा वरचा आधारच ढिला होतो आणि चाक हवं तसं कलतं. शॉक गेला म्हणजे भूमितीही गेली.

या आर्मच्या टोकाला किंगपिन येते. तिच्यावर चाकाचा सांधा फिरतो आणि तिला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. दर ३,००० मैलांवर, म्हणजे सुमारे पाच हजार किलोमीटरवर, तिथे ग्रीस गेलंच पाहिजे. तेही गाडी जॅकवर उचलून, चाकांवरचा भार काढून. नाहीतर जिथे घासतं नेमकं तिथेच ग्रीस शिरत नाही. किंगपिन तपासायची रीत सोपी आहे. चाक वर आणि खाली धरून हलवायचं. खडखड लागली तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिली तर किंगपिनचा. नवी किंगपिन नुसती ठोकून चालत नाही. बुश दाबून बसवायचे, वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीमर मारून मापात आणायचे, मग वॉशर बदलत बदलत वरखाली होणारा खेळ जुळवायचा. हे हाताचं काम आहे, आणि ते जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. बॉल जॉइंटवाल्या तयार किटचा खप वाढण्याचं हे एक कारण असावं.

माझं मत विचाराल तर आधी किंगपिन, मग बुश, मग शॉक, आणि त्यानंतरच कॅटलॉग. बुशबाबत तर उत्तर कंपनीनेच देऊन ठेवलंय. मूळ गाडीत खालच्या आर्मला दोन अर्ध्या रबरी चकत्या होत्या. १९७३ ते १९७६ दरम्यान निघालेल्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये धातूच्या नळीवर घट्ट बसवलेले रबरी बुश आले. साध्या एमजीबीतही ते चपखल बसतात आणि बराच काळ टिकतात. पॉलियुरेथेनचे बुश त्याहून कडक. शर्यतीसाठी ते ठीक, रोजच्या खड्ड्यांसाठी नव्हेत.

आता जडपणाकडे येऊ. किंगपिन वरच्या टोकाला मागे झुकलेली असते. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि त्यामुळेच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. एमजीबीत हा कोन ७ अंश, म्हणजे सढळच. गाडी आखली तेव्हा क्रॉसप्लाय टायर होते, आज सगळे रेडियल वापरतात, आणि रेडियलवर उभ्या गाडीत चाक वळवायला खांद्याचा जोर लागतो. उपाय साधा आहे: क्रॉसमेंबर आणि चॅसीच्या मध्ये २ अंशांची पाचर. कॅस्टर ५ वर येतो आणि हलकेपणा हाताला लगेच जाणवतो. ज्यांना तेवढ्याने भागत नाही ते स्टिअरिंगच्या दांड्यावर विजेची मोटर बसवतात. अशा जोडणीत व्हॉक्सहॉल कोर्साच्या कॉलमचे भाग सर्रास वापरले जातात आणि मदत किती हवी ते एका बटणाने ठरवता येतं. शुद्धतावादी नाक मुरडतात. पण सत्तरी ओलांडलेल्या मालकाला त्याची गाडी त्यामुळे चालवता येत असेल तर मला त्यात गैर दिसत नाही. एक मात्र पाहा: कॉलम आणि रॅक यांच्यातला युनिव्हर्सल जॉइंट वाकड्या रेषेत बसला तर तो लवकर झिजतो. रॅकच्या पोटात तेल लागतं, आणि रबरी बूट फाटला की ते गळून जातं.

कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या आतबाहेर कलाची, सुधारणा मात्र विचार करून करावी. कारखान्यातून चाक वरच्या बाजूला साधारण १ अंश बाहेर झुकलेलं यायचं. किंचित लांब खालचे आर्म लावून ते आत झुकवतात. वळणात पकड वाढते, पण टायरची आतली कड लवकर घासते. आर्म बदलले की टो-इनही, म्हणजे चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली आहेत तेही, नव्याने जुळवावं लागतं. मूळ माप दीड ते सव्वादोन मिलिमीटर.

पुढचा सगळा सांगाडाच बदलून नळीचे शॉक आणि कॉइलओव्हर (शॉकभोवतीच बसवलेली स्प्रिंग) बसवणं हा शेवटचा मार्ग. खुद्द एमजीने १९९३ ते ९५ मध्ये निघालेल्या आरव्ही८ मध्ये पुढे नळीचे शॉक दिले. त्या सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुतेक जपानला गेल्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मालकापुढे आणखी एक कागदी पेच आहे. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गाडीत मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे, आणि सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा प्रकार बदलणं हा मोठा बदल धरला जातो. गाडी तयार होत असताना, किंवा उत्पादन थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत, तसा बदल लोक करत होते हे दाखवता आलं तर तो चालतो. एमजीबीसाठी ही मुदत १९९० ला संपते. म्हणून शहाणे मालक काढलेला लिव्हर शॉक भंगारात देत नाहीत. तेलाच्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवतात, आणि गाडी विकताना तो नव्या मालकाच्या हवाली करतात.