टक टक टक... हॅलो?

टचस्क्रीनच्या जमान्यात डायलवाला फोन दुरुस्त करत बसायचं? वेडेपणाच की! पण एकदा का स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, की हे वेड सहजी उतरत नाही...

आधी एक प्रामाणिक कबुली. तो फोन मला हवा होता फक्त फोटो काढायला! गिरगावातली आमची चाळीतली खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत तो सापडला. काळाकुळकुळीत, विटेसारखा जड, वायर कडक झालेली. आणि डायलच्या भोकात चक्क एक चिमुकलं कुलूप. किल्ली गायब!

“फेकून दे ते,” बाबा म्हणाले. इतक्या तुटकपणे, की मी तो गुपचूप सॅकमध्ये टाकला.

घरातला व्हीआयपी

आपल्याकडे टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, तिन्हीकडे एकाच वर्षी. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे ‘आयटीआय’ सुरू झाली आणि देशी बनावटीचे फोन घराघरांत पोचले. घराघरांत म्हणजे कसं, तर अख्ख्या मजल्यावर एक! अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची, फोन आला की पेढे वाटायचे आणि मग शेजाऱ्यांनी आपला नंबर पुढे ‘पीपी’ लावून पाहुण्यांना द्यायचा. बिल मात्र आपलं. म्हणून ते कुलूप!

आत दडलंय काय?

बॉस, खरी गंमत फोन उघडल्यावर कळते. चिप नाही, स्क्रीन नाही. आपण बोटाने डायल फिरवतो, तेव्हा आतली स्प्रिंग ताणली जाते. बोट सोडलं की डायल उलटा फिरतो आणि परतताना लाइनचा करंट तोडत-जोडत जातो. १ साठी एकदा, ५ साठी पाचदा, शून्यासाठी दहादा. एक्स्चेंज फक्त या तुटण्याची मोजदाद करतं. वेग साधारण सेकंदाला दहा. तो कमी-जास्त होऊ नये म्हणून आत एक इवलासा गव्हर्नर गरगरत असतो.

आता हिशेब करा. पोलिसांचा १०० फिरवायचा तर २१ टक-टक. ११२ ला फक्त चार! अमेरिकेत १९४७ मध्ये एरिया कोड ठरले, तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला तो याच हिशेबाने. ज्या शहरात जास्त फोन, त्याचा कोड झटपट फिरणारा.

चलो चोर बाजार

सुट्टीच्या दिवशी फोन घेऊन थेट चोर बाजार गाठला. मटन स्ट्रीटवर जुन्या घड्याळांच्या आणि ग्रामोफोनच्या गर्दीत फोनही दिसतात. पण जरा जपून! पितळी, नक्षीदार, ‘राजेशाही’ दिसणारे बरेच फोन नवेकोरे असतात. काहींच्या डायलच्या भोकांत तर चक्क बटणं लपवलेली. खऱ्या फोनचं वजन हाताला जाणवतं, डायल सोडल्यावर टकटकत परततो आणि उलटा केला की बुडाशी बहुधा कंपनीचा शिक्का सापडतो.

एका दुकानातल्या चाचांनी माझा फोन कानाशी धरून हलवला. “चलेगा. ताला काट देते है, पॉलिश मारते है, एकदम नया!” त्यांनी करवत उचललीसुद्धा. का कोण जाणे, मी म्हटलं, “ताला रहने दो.” चाचा हसले. म्हणाले, “फिर तो चाबी ढूंढनी पडेगी.”

स्वतः ट्राय करायचंय?

चाचांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून शिकलेलं हे थोडंसं:

* प्रत्येक वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ‘लक्षात राहील’ हा भ्रम आहे!
* बॉडी बॅकेलाइटची असेल तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. पॉलिश पेपर घासलात तर वरचा चकचकीत थर जातो, तो परत येत नाही.
* डायल संथ परततोय? बहुतेक वेळा आतलं जुनं तेल चिकट झालेलं असतं. ते पुसा आणि घड्याळाच्या तेलाचा अगदी एकच थेंब द्या.
* समोरच्याला आवाज कमी जातोय? माउथपीसमध्ये कार्बनचे दाणे असतात, ते दमटपणाने चिकटतात. हलक्या टिचक्या मारून बघा.
* लाइन जोडलेली असताना आत हात घालू नका. रिंग वाजते तेव्हा वायरमध्ये ७५ ते ९० व्होल्ट असू शकतात.
* फायबरच्या बऱ्याच राउटरना डायलची टक-टक कळत नाही. मध्ये पल्सचं टोनमध्ये रूपांतर करणारं छोटं कन्व्हर्टर लावावं लागतं.

...आणि किल्ली सापडली

तीन रविवार गेले. वायर बदलली, गव्हर्नर साफ केला, घंटीच्या दोन्ही वाट्या घासल्या. उरलं कुलूप. आजीला विचारलं, तर ती उठली आणि बटणांच्या डब्यातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. इतकी वर्षं तिच्याकडेच होती!

“कुलूप शेजाऱ्यांसाठी नव्हतं,” बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. “माझ्यासाठी होतं.”

तेव्हा कुठे स्टोरी कळली. १९९१ साल. दादरची एक मुलगी, म्हणजे माझी आई, आजोबांना पसंत नव्हती. फोनला कुलूप लागलं. पण बाबाही वस्ताद! डायल करतो काय, करंटच तोडतो ना? तेच काम रिसीव्हर ठेवायची खटकी दाबूनही होतं. चारसाठी चारदा, नऊसाठी नऊदा. रात्री सगळे झोपले की बाबा अंधारात खटकीवर अख्खा नंबर ‘वाजवायचे’. लग्न झालं, पण आजोबांशी बोलणं तुटलं ते जेमतेमच जुळलं. आजोबा गेल्यालाही आता बारा वर्षं झाली.

“त्यांना कधी कळलंच नाही,” बाबा म्हणाले.

आजी हसली. “कळलं नाही? अरे, दोन खोल्यांचं घर आपलं. मी म्हणायची, उठा, ओरडा त्याच्यावर. तर हे अंथरुणात बोटं मोजत बसायचे. नंबर चुकला की चुकचुकायचे. एकदा म्हणाले, सात आकडे झाले, लागला वाटतं. झोप आता.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी किल्ली फिरवली, कुलूप सुटलं, पण बाबांनी डायलला हातच लावला नाही. फोन मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि खटकी दाबायला लागले. लाइन जोडलेली नव्हती, तरी. टक टक टक टक. थांबले. टक टक...

सातवा आकडा संपला, तशी स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

“अहो, पुढे २ लावायचा राहिला! नंबर कधीचे आठ आकडी झालेत.”