दिवसा लेणी, रात्री कबड्डी
अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. तिच्या मोजलेल्या वाटा ६८० किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत. तिथून जवळच्याच बोलिंग ग्रीन शहरात ‘हॉट रॉड्स’ हा दुय्यम लीगमधला बेसबॉल संघ खेळतो. दिवसा गुहा, संध्याकाळी सामना, अशी सहल तिथे गाडी काढली की होते. हाच बेत चंद्रपूर-गडचिरोलीत करायचा तर बेसबॉलच्या जागी कबड्डी येते आणि वेळापत्रकाच्या जागी धान.

धान कापून होईस्तोवर इथे कुणाला फुरसत नसते. भाऊबीजेपासून या झाडीपट्टीत मंडई भरू लागतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, आणि पुढे होळीपर्यंत रात्री जागत्या राहतात. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, २०१४ साली न्यायालयाने बंदी आणली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, आणि बैलजोड्या आता मोकळ्या धावतात. कबड्डीचे सामनेही धानानंतरच्या याच दिवसांत होतात. तारखा कुठल्याही संकेतस्थळावर शोधू नका. चहाच्या टपरीशेजारचा फ्लेक्स वाचावा, नाहीतर टपरीवाल्याला विचारावे.

सुरुवात भद्रावतीहून करावी. चंद्रपूरपासून सुमारे २६ किलोमीटर. इथले विजासन लेणे सातवाहन काळाशी जोडले जाते. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली: टेकडीच्या पोटात सरळ ७१ फूट गेलेला बोळ, त्याच्या टोकाला बसलेला भव्य बुद्ध. डाव्या-उजव्या अंगाला काटकोनात आणखी दोन बोळ, त्यांच्याही शेवटी एकेक बुद्धमूर्ती. अजिंठ्याची चित्रे इथे नाहीत, आणि मला तरी त्यांची उणीव भासत नाही. उन्हातून आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की समोर मूर्तीचा आकार उमटू लागतो.

चिनी यात्रेकरू युआन श्वांगने सातव्या शतकात पाहिलेल्या कोसलाची राजधानी कुठली, यावर पंडितांनी बराच काथ्याकूट केला. भांदकचे नाव पुढे आले तसे फर्ग्युसनने वैरागडचेही आणले. भांदक म्हणजे आजची भद्रावती. आणि ‘आईन-ए-अकबरी’त हिऱ्याच्या खाणीसाठी नोंदलेले वैरागड आरमोरी तालुक्यात. दोन्ही गावे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होती. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. देऊळवाड्याची लेणी भद्रावतीच्या जवळच आहेत, त्यांना तासभर पुरे.

दिवस मावळला की मैदान. माती खणून, ढेकळे फोडून, पाणी मारून चोपलेले. वर चुन्याच्या रेघा. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, पण बांबूला रेलून बसलेली पोरे त्या रेघेच्या आत सरकत येतात आणि पंचाला खेळाडूंपेक्षा त्यांच्यावरच जास्त ओरडावे लागते. सहा-सात गडी मैदानात असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषा ओलांडली की भोंग्यावरून कुणा दात्याचे नाव आणि पन्नास रुपये जाहीर होतात. “धर ना बे त्याले!” हा सल्ला सगळ्या बाजूंनी येतो. अख्खा संघ बाद होऊन लोण चढला की दोन गुण जादा. मग फटाक्यांची माळ.

बेसबॉलची दुय्यम लीग वरच्या संघांच्या तालावर चालते. २०२१ मध्ये तिची फेररचना झाली तेव्हा संलग्न संघ १२० उरले, आणि चाळीसेक गावांचे नाते वरून तोडले गेले. इथल्या सामन्यांना असा वरचा मालक नाही, वर्गणी गावाची. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीची मॅट टीव्हीवर दिसते, पण खेळणाऱ्याच्या गुडघ्याला लागते ती मातीच. गावच्या वर्गणीला अपवाद गडचिरोली पोलिसांच्या स्पर्धांचा: बिरसा मुंडांच्या नावाने कबड्डी, बाबूराव शेडमाकेंच्या नावाने व्हॉलीबॉल. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या शेडमाकेंना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली गेली. या स्पर्धांमागे दुर्गम गावांतल्या पोरांना नक्षल चळवळीपासून दूर ठेवण्याचा हेतू आहे, तो कुणी लपवतही नाही.

वाट चंद्रपूर-मूल-सावली-गडचिरोली अशी धरावी. ब्रह्मपुरी भागात सामना लांबला तर मुक्काम तिथेच करावा; वाघांमुळे रात्री दुचाकी काढायला गावकरीही धजत नाहीत. गडचिरोलीहून पुढे कुरखेडा-कोरचीकडून गोंदियात उतरले की सालेकसा तालुक्यातली कचारगडची नैसर्गिक गुहा. पारी कुपार लिंगोच्या कथेशी जोडलेले गोंडांचे हे तीर्थ माघ पौर्णिमेला माणसांनी भरून जाते. चपला काढूनच जावे, आणि फोटोसाठी आधी परवानगी घ्यावी.