शाळेचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा?

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड करण्याची तरतूद त्यात होती. त्या काळाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. शाळा उघडून देणे हे राज्याचे काम आणि मूल तेथे न गेल्यास जाब द्यावयाचा तो पालकाने, अशी ही योजना होती. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन करून बहुजन समाजाच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मिळावे, अशी मागणी केली होती. १९११ मध्ये नामदार गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक संमत होऊ शकले नाही. या सर्व प्रयत्नांमागील तळमळीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र शाळेत गेलेल्या मुलाला काही आले नाही, तर त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न तेव्हा फारसा पुढे आला नव्हता. मूल शाळेत येणे हीच मोठी गोष्ट होती.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि सक्तीचा रोख बदलला. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे या कायद्यातही म्हटले आहे. परंतु त्यासाठी दंड सांगितलेला नाही. सक्ती आहे ती शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर. वस्तीजवळ शाळा असणे, तेथे पुरेसे शिक्षक असणे, मुलांची हजेरी व शिक्षण पूर्ण होणे आणि ते शिक्षण चांगल्या दर्जाचे असणे, या सर्वांची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर टाकली आहे. ग्रामीण महाराष्ट्रात हे स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद होय. ज्याला पूर्वी दंड होत असे, त्याच पालकाला आता विचारण्याचा अधिकार आला.

दार कोणते ठोठवावयाचे?

अधिकार असणे व तो कोठे वापरावयाचा हे ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेड्यातील पालकाला शाळेचा एकच चेहरा दिसतो, तो म्हणजे वर्गावरच्या गुरुजींचा किंवा बाईंचा. त्यामुळे सारा राग त्यांच्यावर निघतो. वास्तविक शाळेच्या मागे अधिकाऱ्यांची एक लांब साखळी उभी असते. पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखालील जिल्हा स्कूल बोर्डे शाळा चालवीत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शाळेत मुख्याध्यापक, आसपासच्या शाळांच्या समूहावर केंद्रप्रमुख, त्यावर शिक्षण विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि सर्वांवर मुख्य कार्यकारी अधिकारी, अशी ही रचना आहे.

यांपैकी प्रत्येकाच्या हाती काही गोष्टी आहेत आणि काही नाहीत. शिक्षक वेळेवर येतात की नाहीत, अभ्यासक्रम पुरा होतो की नाही, प्रत्येक मुलाची प्रगती पाहिली जाते की नाही, पालकांना बोलावून ती सांगितली जाते की नाही, या गोष्टी शाळेतच विचारावयाच्या आहेत. कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची ही कर्तव्ये स्पष्टपणे दिली आहेत. परंतु चार वर्गांना एकच शिक्षक असेल, तर त्याचा दोष त्या शिक्षकाकडे कसा जाईल? पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असल्यास २ शिक्षक, ६१ ते ९० असल्यास ३ आणि ९१ ते १२० असल्यास ४, हे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत आहे. शाळेतील रिक्त जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असेही कलम आहे. या पदांची भरती वा बदली गावात होत नाही, तालुक्यालाही होत नाही. तेव्हा शिक्षक नसल्याची तक्रार मुख्याध्यापकाशी भांडून सुटणारी नाही. ती लेखी स्वरूपात जिल्हा परिषदेकडेच गेली पाहिजे.

शिक्षकांकडूनही एक तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती निराधार नाही. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकांना लावू नये, असे २७ वे कलम सांगते. तरीही माहितीचे तक्ते भरण्यात शाळेचे बरेच तास जातात. हे तास कोणी घेतले, हे विचारण्याचा हक्कही गावालाच आहे. शिक्षकाच्या बाजूने उभे राहून अधिकाऱ्याला जाब विचारणारे गाव, हे चित्र अजून विरळा दिसते.

शाळा व्यवस्थापन समिती

कायद्याने गावाच्या हाती दिलेले मुख्य साधन म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे होत.

यांपैकी तिसऱ्या कामाचे महत्त्व फार थोड्या ठिकाणी ओळखले गेले आहे. हा आराखडा म्हणजे केवळ मागणीपत्र नव्हे. शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा व नियोजनाचा तो आधार असेल, असे कायद्याच्या २२ व्या कलमात म्हटले आहे. पुढील तीन वर्षांत प्रत्येक इयत्तेत किती मुले येतील, त्यांना किती शिक्षक व किती खोल्या लागतील, स्वच्छतागृह व पाणी यांची काय गरज आहे, त्याला पैसा किती लागेल, हे सारे त्यात यावयाचे असते. गावाने एकदा आकडे मांडून लेखी कळविले की "आम्हांला माहीत नव्हते" असे म्हणण्यास वरिष्ठ कार्यालयाला जागा राहत नाही. प्रत्यक्षात हा आराखडा पुष्कळदा मुख्याध्यापक एकटेच बसून भरतात आणि समितीचे सदस्य खाली सह्या करतात किंवा अंगठे उठवितात.

पैशाचा हिशेब तुलनेने सोपा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळांना पटानुसार संयुक्त अनुदान देण्याची पद्धत २०१८ पासून आली. १०१ ते २५० पट असलेल्या शाळेसाठी त्याची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये ठरविण्यात आली आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. ही रक्कम केव्हा आली आणि कशावर खर्च झाली, हे शाळेच्या फळ्यावर लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही. लिहिण्याची टाळाटाळ झाली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळू शकते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही शुल्क नाही.

वर्गणी पुष्कळ, प्रश्न थोडे

लोकसहभागाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी बदली होणे ही एकेकाळी सरकारी नोकरांना शिक्षा वाटत असे. त्या गावाने १९८९ नंतर आपल्या कामाचा आरंभ केला तो शाळेपासून. २०१५ मध्ये "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" कार्यक्रम सुरू झाल्यानंतर तर अनेक गावांनी वर्गणी काढून शाळा रंगविल्या, संगणक व पडदे आणले. ही उदार वृत्ती कौतुकास्पद आहे. परंतु जे गाव शाळेच्या रंगासाठी लाखाची वर्गणी देते, तेच गाव आपल्या तिसरीतील मुलीला हातच्याची वजाबाकी का येत नाही, हे विचारताना संकोचते. देणाऱ्याने हिशेब मागू नये, अशी काहीशी चमत्कारिक सभ्यता येथे आड येत असावी.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या "असर" पाहणीतून दिसते. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत वाढली. वाढ झाली हे खरे; पण चारांतील तीन मुलांना तो उतारा वाचता येत नाही, हेही तितकेच खरे.

शिक्षकांच्या उपस्थितीबाबत महाराष्ट्राची स्थिती पूर्वीपासून बरी आहे. २००३ मध्ये देशभर अचानक भेटी देऊन झालेल्या एका पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतील सुमारे एक चतुर्थांश शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. याच पाहणीतील दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. जवळजवळ तीन हजार सरकारी शाळांपैकी केवळ एका शाळेच्या मुख्याध्यापकाने सांगितले, की वारंवार गैरहजर राहिल्याबद्दल एखाद्या शिक्षकास नोकरीतून काढण्यात आले. वरून होणारी तपासणी एकटी किती पुरी पडते, याची यावरून कल्पना येईल. कागदावरचा पट व वर्गातील मुले यांत केवढे अंतर असू शकते, हे ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत महाराष्ट्रानेही पाहिले आहे.

जौनपूरचा अनुभव

केवळ माहिती दिली म्हणजे गाव जागे होते, असेही मानता येत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास याची पद्धतशीर परीक्षा झाली. तेथील गावांत ग्रामशिक्षण समित्या होत्या. मात्र अशी समिती आहे हेच बहुतेक पालकांना ठाऊक नव्हते आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचीही कल्पना नव्हती. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याखेरीज गावकऱ्यांकडूनच मुलांचे वाचन तपासून घेतले. पालकांच्या सहभागात वा शिक्षकांच्या कामात यामुळे लक्षणीय फरक पडला नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत गावातीलच तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालविण्यास सांगितले, तेव्हा मात्र त्या वर्गांना आलेल्या मुलांचे वाचन चांगलेच सुधारले.

यावरून जाब विचारणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मोठ्या यंत्रणेशी झगडण्यापेक्षा हाताशी असलेले काम माणसे लवकर उचलतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. पण वाचनवर्ग चालविणाऱ्या तरुणाला रिक्त जागा भरता येत नाही, की गळके छप्पर दुरुस्त करण्याचा आदेश काढता येत नाही. तेथे अखेर अधिकाऱ्याच्याच दारी जावे लागते.

तक्रारीची वाट

त्यासाठीची वाट ३२ व्या कलमात आहे. मुलाच्या हक्कासंबंधी कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो; संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन शक्यतो तीन महिन्यांत तिचा निर्णय झाला पाहिजे. निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. या तरतुदीत एक उणीव उघड आहे. शाळा चालविणारी जिल्हा परिषदच पहिल्या पायरीवर तक्रारीचा न्याय करते. म्हणून तक्रारीची पोच घेणे व तारीख नोंदविणे, तसेच समितीच्या इतिवृत्तात ठराव लिहिणे या लहान गोष्टींना मोठे मोल आहे. अपिलात उपयोगी पडतात ते हेच कागद.

शिक्षण समितीवरील लोकप्रतिनिधींकडे गाऱ्हाणे नेण्याचाही मार्ग आहे. तथापि राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात निवडून आलेल्या सदस्याला रस्त्यात अडवून विचारण्याची सोय गावांना उरली नव्हती. ग्रामसभा मात्र चालू होत्या. १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यावयास कोणाचीच आडकाठी नसते; मात्र घरकुले व रस्ते यांच्या चर्चेत तो बहुधा शेवटी येतो, तोवर सभा पांगलेली असते.

सभेला कोण येते, हाही प्रश्नच आहे. समितीच्या बैठका सामान्यतः शाळेच्या वेळेत होतात, म्हणजे मजुरी करणाऱ्या आईला त्या दिवसाच्या रोजगारावर पाणी सोडावे लागते. जी आली तीही गावातील वजनदार मंडळींपुढे, आणि स्वतः शाळेची पायरी चढलेली नसेल तर गुरुजींपुढे, बोलण्यास कचरते. कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या पाड्यांवर मराठीतील इतिवृत्त वाचून दाखविले तरी ते सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही. काही अडचणी केवळ वेळ बदलूनही कमी होण्यासारख्या आहेत. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडेच असते. आराखड्याची तयारी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर व्हावयाची असते. नेमके याच वेळी हे पालक साखर कारखान्यांच्या तळांवर असतात. अशा गावांत आराखड्याची सभा दसऱ्यापूर्वी, आणि तीही संध्याकाळी घेतली, तर ज्यांच्या मुलांना त्या वसतिगृहात राहावयाचे आहे, त्यांना तेथील जेवणाबद्दल व अभ्यासाबद्दल निघण्यापूर्वीच बोलता येईल.