कुलूप उघडून दाखविणारा

गेवराईच्या बाजारपेठेंतील एखाद्या अडत्याच्या दुकानाचें कुलूप नीट बसलें नाहीं, हें शेजाऱ्यानें पाहिलें तर तो हांक मारून सांगेल. हा साधा शेजारधर्म झाला. पण तेंच कुलूप रात्रीं काढून, आंत तिजोरीपर्यंत जाऊन, एक छदामही न घेतां त्यानें सकाळीं ही वार्ता दिली, तर अडत्या त्याचे आभार मानील, कीं पोलीसठाणें गांठील? आतां अडत्याची देवघेव मोबाईलवर चालते. आणि कंपन्यांच्या संगणकांतील छिद्रें फुकट हुडकून देणाऱ्या ‘हॅकर’ मंडळींविषयीं हाच प्रश्न पडतो.

प्रश्न जुना आहे. १८५१ सालीं लंडनमध्यें हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें ब्रामा कंपनीचें प्रसिद्ध कुलूप ५१ तास खपून उघडलें. मात्र २०० गिनींचें बक्षीस लावून तें आव्हान कंपनीनेंच दिलें होतें.

असें आमंत्रण नसलें म्हणजे काय होतें, हें २०१० सालीं दिसलें. हैदराबादचे तंत्रज्ञ हरि प्रसाद यांना मतदानयंत्र उघडून तपासण्याची मुभा निवडणूक आयोगाकडून मिळाली नाहीं. पुढें एका अनाम व्यक्तीकडून त्यांच्या हातीं एक यंत्र आलें. यंत्र हाताळावयास मिळालें तर आंकडे फिरवितां येतात, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एप्रिलमध्यें दाखविलें. यंत्रें कडक पहाऱ्यांत असतात, हें आयोगाचें उत्तर. ऑगस्टमध्यें हरि प्रसाद यांना अटक झाली, ती मुंबईंतील सरकारी ताब्यांतून यंत्र चोरीस गेल्याच्या फिर्यादीवरून! पहाऱ्याची उणीव त्या फिर्यादीनेंच सांगितली. आठवड्यानें त्यांना जामीन मिळाला.

कायद्याची भूमिका सावध आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणें मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत शिरणें हेंच भरपाईस कारण होतें. कलम ६६ खालीं शिक्षेस मात्र अप्रामाणिक वा कपटी हेतु लागतो. म्हणजे निर्लोभ माणूस तुरुंगांतून वांचला, तरी दाव्यांतून सुटेलच असें नाहीं.

मोबदला न घेणें एवढ्यानें कोणी निर्दोष ठरत नाहीं, आणि उघडपणें लावलेलें बक्षीस घेणारा लोभी ठरत नाहीं. तो कोठें थांबला, परक्यांची माहिती त्यानें चाळली काय, आणि जगास सांगण्यापूर्वीं मालकास सांगून दुरुस्तीस अवधि दिला काय, हें पाहावें. परंतु सांगावें कोणास, हें कंपनीनें जाहीर केलें पाहिजे; सूचनेस वकिलाची नोटीस हेंच उत्तर असेल, तर पुढचा जाणकार गप्प बसेल. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून सुमारें ९४ कोटी रुपये गेले. ते नेणाऱ्यांनीं आधीं कोणास पत्र लिहिलें नव्हतें.