भरती असताना पाऊस कुठे थांबतो?

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’मध्ये रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना मधले पाणी म्हणजे शोभेचा तलाव वाटतो. वाशीच्या मिनी सी-शोअरवर संध्याकाळी सहकुटुंब येणाऱ्यांचाही तोच समज असतो. बाके, दिवे, फुलझाडे, कडेने बांधलेली वाट असा सगळा थाट बागेचाच. पण ही तळी बागेसाठी खोदलेली नाहीत. महापालिकेच्या कागदपत्रांत त्यांचे नाव ‘धारण तलाव’ आहे, इंग्रजीत ‘होल्डिंग पॉण्ड’. पावसाळ्यात शहर कोरडे राहावे म्हणून बसवलेली ती एक यंत्रणा आहे, आणि ती बिघडली की त्याचा पत्ता बागेत लागत नाही. तो लागतो दोन गल्ल्या पलीकडच्या तळमजल्यावर.

ही यंत्रणा का लागली, हे शहराच्या जमिनीतच दडलेले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा ठाणे खाडीच्या या काठावर आगरी-कोळ्यांची गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती आणि मासळीची तळी होती. त्यातली बरीच जमीन खाजणाची. वाशी, बेलापूर यांसारख्या भागांतला काही पट्टा आजही मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. एका बाजूला पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या अरुंद पट्टीत वसाहत. डोंगरावरून उतरलेले पाणी खाडीत जायला निघते, पण खाडीच भरलेली असेल तर ते मागे फिरते. यावर नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर तोडगा काढला. नाल्यांचे पाणी आधी तळ्यात घ्यायचे आणि तळ्याच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारे झडपेचे दार बसवायचे. ओहोटीत आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडते, भरतीत बाहेरच्या दाबाने मिटते. वीज नको, माणूस नको.

डच नाव लागले म्हणून कल्पना परकी ठरत नाही. कोकणातल्या खारबंदिस्तीला ‘उघाडी’ असतेच. गोव्याच्या खाजणांत तिला ‘मानस’ म्हणतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी दारांवर भातशेती राखली गेली. फरक एवढाच, की उघाडी फुटली तर गावाचे पीक जायचे, म्हणून दाराकडे गावाचे लक्ष असायचे. शहरात दाराकडे पाहणारा कोण, हा प्रश्न आहे.

साधे गणित करून पाहू. एक हेक्टर म्हणजे अडीच एकरांचा भूखंड घ्या. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. जमीन मोकळी आणि झाडोऱ्याची असेल तर त्यातले बरेच पाणी मुरते, अडते, रेंगाळते. फरशी आणि काँक्रीट असेल तर जवळजवळ सगळे लगेच नाल्यात येते. आता असे शंभर हेक्टर एका धारण तलावाला जोडलेले आहेत आणि भरतीमुळे दार तीन तास बंद आहे, असे समजा. पाणी जमेल पंधरा कोटी लिटर. ते साठवायला दहा हेक्टरांचे तळे दीड मीटर रिकामे हवे.

‘रिकामे’ या शब्दावर थोडे थांबायला हवे. जून महिन्यात काठोकाठ भरलेला धारण तलाव दिसायला सुरेख असतो आणि कामाला निरुपयोगी. नौकाविहार, कारंजी, पाण्यातले प्रतिबिंब हे सारे भरलेल्या तळ्याला शोभते. पूर अडवायला लागते ती तळ्यातली मोकळी जागा. बागेची हौस आणि तळ्याचे काम यांचा इथे सरळ झगडा आहे, आणि मतदारांना दिसते ती बाग.

आता या तळ्यात अर्धा मीटर गाळ साठला असे धरा. पाच कोटी लिटरची जागा गेली. तेवढे पाणी वीस हेक्टरांच्या सखल वस्तीत पसरले तर पातळी होते पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे पोटरीपर्यंत. वर्तमानपत्रात ‘सखल भागात पाणी साचले’ असे जे छापून येते ते इतकेच असते, आणि बहुतेकदा इतकेच पुरते.

भरती आणि पाऊस यांची गाठ पडली की काय होते, ते खाडीपलीकडच्या मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच काळात अवघा ७३. त्या दुपारी समुद्राला भरती होती. नंतरच्या चितळे समितीच्या अभ्यासामुळे एक आकडा सर्वांसमोर आला. मुंबईचे पावसाळी पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखे आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, आणि तीही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरून. ती ५० मिलिमीटरवर नेण्याची आणि मुरण्याचा हिशेब सोडून देण्याची शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात १९९३ पासून होती. मुंबईने मग मोठी उदंचन केंद्रे बांधली, म्हणजे समुद्र वर असला तरी पाणी पंपाने उचलून टाकायचे. नवी मुंबईत हेच काम तळी आणि झडपा फुकटात करतात. अर्थात, त्यांची निगा राखली तर.

निगेचे घोडे पेंड खाते ते गाळापाशी. गाळ दोन्हीकडून येतो. डोंगरउतारावरून आणि खाणींच्या भागातून माती येते, खाडीकडून भरतीबरोबर चिखल येतो. झडप नीट बसत असेल तर खाडीचा चिखल बाहेर राहतो. पण फटीत प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल किंवा लाकडाचा ओंडका अडकला की दार किलकिले राहते आणि दर भरतीला थोडा चिखल आत घेते. त्याबरोबर तिवराची रोपटीही तरंगत येतात. गाळ वर आला, खारे पाणी मिळाले, की ती रुजतात. अनेक धारण तलावांत आज तिवरांचे रान आहे. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याला ते रान म्हणजे दाराचा आरोग्य अहवालच वाटेल. तिवर वाढला आहे, याचा अर्थ इथे खाडी नियमित ये-जा करते आहे.

आणि तिवराला कायद्याचे संरक्षण आहे. ते असायलाच हवे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सविस्तर निकाल देऊन राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली. कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. सार्वजनिक कामासाठी तोड अपरिहार्य असेल तरी न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे तळे बांधले सिडकोने, सांभाळायचे महापालिकेने, तिवर वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या कक्षेत, किनाऱ्याची परवानगी सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची आणि शेवटचा शब्द न्यायालयाचा. पावसाळा मात्र ठरल्या वेळी जूनमध्येच येतो.

यातून ‘कांदळवनांमुळे शहर बुडते’ अशी एक सोपी ओरड तयार झाली आहे. ती अर्धवट आहे. कांदळवन आत आले ते दार नादुरुस्त राहिले म्हणून. सरसकट रान साफ करून दार तसेच ठेवले तर काही वर्षांत नवे रान उभे राहील, गाळही तेवढाच साठेल. आधी झडप, मग पाण्याचा मधला प्रवाहमार्ग मोकळा करणे, आणि काठावरचे रान शक्य तितके राखणे, हा क्रम शहाणपणाचा आहे. तो खर्चीक नाही. कंटाळवाणा आहे, म्हणून मागे पडतो.

पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. नद्यांची पात्रे, भातखाचरे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी, मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेली तळी त्यातून वगळली आहेत. किनारा नियमन क्षेत्रातल्या जागांना ते लागू होत नाहीत, तिथे किनाऱ्याची अधिसूचना चालते. शहराच्या पुराचे पाणी धरण्यासाठी खोदलेले आणि पुढे पक्ष्यांनी, माशांनी, तिवरांनी आपलेसे केलेले तळे यात नेमके कुठे बसते, यावर वाद घालायला भरपूर जागा उरते. ज्या जागेची व्याख्या वादात असते तिच्यावर भराव टाकणे सोपे जाते, हा अनुभव राज्यभरचा आहे.

दुसरीकडे तळ्यात येणारे पाणी वाढते आहे. वाशीसारख्या जुन्या विभागांत सिडकोच्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. जुन्या सोसायटीत मातीचे अंगण असायचे, आंबा-नारळ असायचे. नव्या प्रकल्पात भूखंडाच्या कडेपर्यंत तळघर आणि त्यावर पोडियम येतो. पोडियमवरच्या कुंड्या हिरव्या दिसतात, पण खाली माती नसते. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. मात्र भरावाच्या जमिनीत भूजल हातभर खोलीवर असेल तर भर पावसात मुरवणखड्डा पाणी पीत नाही. तिथे साठवण टाकीच हवी. नकाशावर दोन्हींची नोंद सारखीच दिसते. शिवाय नवा प्रकल्प आपली जोती रस्त्यापेक्षा उंच घेतो, मग शेजारची जुनी सोसायटी आपोआप त्या गल्लीचा धारण तलाव बनते.

स्थानिक प्रशासनाच्या देखरेखीतली खरी त्रुटी इथे आहे. बांधकाम परवानगी भूखंडावार दिली जाते, पाणी पाणलोटावार वाहते. प्रत्येक फाइल नियमात बसते, पण चाळीस फाइलींची बेरीज कोणाच्याच टेबलावर होत नाही. अमुक तलावाला किती हेक्टर जोडले आहेत, त्यातले किती गेल्या वर्षात फरसबंद झाले, तलावाची क्षमता बांधताना किती होती आणि आज किती आहे, ही चार खणांची नोंदवही प्रत्येक धारण तलावाची असायला हवी. नव्या प्रकल्पाने पहिल्या तासाचे पाणी आपल्या टाकीत रोखावे की नाही, हे त्या वहीवरून ठरायला हवे. नगररचना विभाग आणि पावसाळी नाल्यांचा विभाग एकाच वहीत पाहू लागले तरी पुष्कळ होईल.

साचलेल्या पाण्याची किंमत आठवड्याभराने दवाखान्यात दिसते. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून पाण्यात येतात. पायावरची चीर, जखम, फार वेळ भिजून मऊ पडलेली कातडी किंवा डोळ्यांचा पडदा यांतून ते शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्यांमध्ये कळा, लाल डोळे. आजार बळावला तर कावीळ होते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे धोक्यात येतात. मधले दिवस गेलेले असल्याने रुग्ण पाण्यातून चालल्याचे विसरतो आणि डॉक्टरांना सांगत नाही. तेवढे सांगितले तर निदानाचा रस्ता बराच लहान होतो. साचलेल्या पाण्यातून जावे लागले असेल तर पाय साबणाने धुऊन, पुढच्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घेता येते. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून दुकानातून परस्पर आणलेली गोळी नको. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती.

डासांचा दोष मात्र तळ्यांवर जरा जास्तच टाकला जातो. शहरी हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस इजिप्ती हे दोघेही टाक्या, पिंपे, कुंड्यांखालच्या बशा, बांधकामावरचे साचलेले स्वच्छ पाणी यांत वाढतात. मासे असलेले, रोज हलणारे खारे पाणी त्यांना मानवत नाही. तळे कोंडले, मासे मेले आणि त्यात सांडपाणी मिसळले, की क्युलेक्स डासांचे फावते. म्हणजे तिथेही मूळ तक्रार दाराचीच.

याच शहरात उलट गरज असलेलीही तळी आहेत. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. भरतीत खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो नेरूळच्या डीपीएस तळ्यावर किंवा एनआरआय परिसरातल्या पाणथळीवर उथळ पाण्यात येऊन थांबतात. तिथे खाडीचे पाणी आत यायला हवे. २०२४ मध्ये डीपीएस तळ्याकडे येणारा भरतीचा मार्ग अडला, तळे आटले, पक्षी भरकटले आणि काही मेले. धारण तलावात खाडीला अडवायचे आणि फ्लेमिंगोंच्या तळ्यात तिला वाट द्यायची, ही दोन वेगळी कामे आहेत. ‘तलाव विकास’ अशा एकाच शीर्षाखाली दोन्हींची निविदा निघते तेव्हा कंत्राटदार दोन्हीकडे सारखीच भिंत बांधून मोकळा होतो.

दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस जाहीर होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे हे उधाणाचे दिवस. त्यातल्या एखाद्या दिवशी भरती ओसरल्यावर दोन-तीन तासांनी धारण तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी जाऊन पाहावे. चांगली झडप असेल तर ती पाण्याच्या जोराने हलताना दिसते आणि बाहेर धार लागलेली असते. अडकलेली असेल तर फटीत काय अडकले आहे, तेही स्पष्ट दिसते.